सर्व्हर कुठे, कुणाचा, कुणाच्या हातात : क्लाउड, ऑन-प्रेम आणि सेल्फ-होस्टिंग या शब्दांचा आढावा

कंपन्यांच्या हिशेबांविषयीच्या २०१४ च्या केंद्रीय नियमांत एक बारीकशी तरतूद आहे. हिशेबाची पुस्तके संगणकावर असतील आणि त्यासाठी बाहेरच्या कुणाची सेवा घेतली असेल, तर कंपनीने दरवर्षी कंपनी निबंधकाला त्या सेवा पुरवठादाराचे नाव, आयपी पत्ता आणि ठिकाण कळवायचे. पुस्तके 'क्लाउड'वर असतील तर? तर पुरवठादार जो पत्ता देईल तो कळवायचा. क्लाउड कशाला म्हणायचे, हे त्या नियमांत कुठेच सांगितलेले नाही.

पुण्याच्या सदाशिव पेठेत सनदी लेखापालांच्या कार्यालयांना तोटा नाही. एका जिन्यात दोन-दोन पाट्या सापडतात. तिथल्या आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करणाऱ्या मुलांना विचारले की 'तुमच्या अशिलाचा डेटा क्लाउडवर आहे का', तर उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'तसं म्हटलं तर हो' यांपैकी काहीही येते, आणि तिन्ही उत्तरे एकाच व्यवस्थेबद्दल असू शकतात. आयटी कंपन्यांत पंधरा-वीस वर्षे घालवलेल्या मंडळींतही यावर एकमत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्याने 'मी सेल्फ-होस्ट करतो' म्हणावे का, कंपनीच्या तळघरातल्या यंत्रांना 'प्रायव्हेट क्लाउड' म्हणणे ही फसवणूक की अचूक वर्णन, असे वाद वर्षानुवर्षे चालू आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ऑन-प्रेम हा शब्द यंत्र कुठे आहे ते सांगतो. सेल्फ-होस्टिंग हा शब्द ते चालवतो कोण ते सांगतो. क्लाउड हा शब्द सेवा कोणत्या रीतीने मिळते ते सांगतो. तीन प्रश्नांची ही उत्तरे एकाच प्रश्नाची मानली की भांडण सुरू होते. मात्र हे मत सर्वांना पटणारे नाही, आणि न पटण्याची कारणेही वजनदार आहेत.

शब्द आले कुठून

दुसऱ्याच्या यंत्रावर आपले काम करून घेणे महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला आणि देशभरातल्या विद्यापीठांतली, संशोधन संस्थांतली माणसे आपली गणिते त्याच्यावर सोडवून घेऊ लागली. यंत्र एक, वापरणारे अनेक, आणि बहुतेकांच्या गावात ते यंत्र नाही. त्याआधी तीन वर्षे अमेरिकेत एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी यांनी, संगणन हीसुद्धा उद्या टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल, असे भाकीत केले होते. कल्पना साठ वर्षांची आहे. नाव त्या मानाने कालचे.

मधल्या काळात वारे उलटे फिरले. टेबलावर मावणारे संगणक आले, ऑफिसात केबल ओढून ते जोडले गेले आणि ज्याचे काम त्याचे यंत्र अशी रीत पडली. नव्वदीच्या अखेरीस पुन्हा 'ॲप्लिकेशन सर्व्हिस प्रोव्हायडर', म्हणजे एएसपी, हा शब्द निघाला. जगात तो लवकरच मागे पडला, पण आपल्याकडच्या नागरी सहकारी बँकांत टिकला. लहान बँकांनी कोअर बँकिंग 'एएसपी मॉडेल'ने घेतले: सॉफ्टवेअर पुरवठादाराचे, सर्व्हरही त्याचेच, शाखेत फक्त पडदा आणि प्रिंटर. आज हीच व्यवस्था कुणी नव्याने विकायला काढली तर तिच्यावर 'क्लाउड' असेच छापील.

'क्लाउड' हे नाव आले नेटवर्कच्या आराखड्यांतून. टेलिफोन आणि इंटरनेटची जाळी रेखाटताना अभियंते मधल्या भागाला ढगाचे चित्र काढत. आत काय चालते ते वापरणाऱ्याने पाहायची गरज नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॉम्पॅक कंपनीच्या १९९६ च्या एका अंतर्गत टिपणात 'क्लाउड कंप्युटिंग' ही जोडी आढळते. पण शब्द गाजला तो २००६ मध्ये. ॲमेझॉनने त्या वर्षी मार्चमध्ये एस-थ्री ही साठवणुकीची आणि ऑगस्टमध्ये ईसी-टू ही सर्व्हर भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. त्याच ऑगस्टमध्ये गूगलचे एरिक श्मिट यांनी एका परिषदेत हा शब्द वापरला. दोन वर्षांत त्याची किंमत एवढी वाढली की डेल कंपनी तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला गेली. ते काही साधले नाही. ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी २००८ मध्ये भर सभेत या शब्दाची टर उडवली: आपण आधीपासून जे करतो ते सगळे यात बसवले आहे, मग नवे काय? पुढे त्यांच्याच कंपनीने क्लाउडचा धंदा मांडला, हा भाग वेगळा.

ऑन-प्रेम हा शब्द त्यानंतर रुळला. सर्व्हर ऑफिसातच असायचा तेव्हा त्याला वेगळे नाव लागत नव्हते. इंग्रजीत 'ऑन-प्रिमाइस' म्हणायचे की 'ऑन-प्रिमायसेस', यावरही व्याकरणवाले हटून बसतात, कारण पहिल्याचा अर्थ तर्कशास्त्रातले गृहीतक, दुसऱ्याचा अर्थ आवार. बोलताना सगळेच 'ऑन-प्रेम' म्हणून सुटतात.

सेल्फ-होस्टिंगची वाट निराळी. तो शब्द धंद्यातून न येता हौशी लोकांतून आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतून आला. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर कंपनीच्या संकेतस्थळावर वापरता येते आणि उतरवून स्वतःच्या होस्टिंगवरही चालवता येते. या दुसऱ्या प्रकाराला 'सेल्फ-होस्टेड वर्डप्रेस' म्हणू लागले. अनेक मराठी लेखकांची, दिवाळी अंकांची, प्रकाशकांची संकेतस्थळे अशीच उभी राहिली. लक्षात घ्यायचे ते असे की त्यांतल्या जवळजवळ कुणाच्याही घरात सर्व्हर नव्हता. होस्टिंग विकतच घेतलेले होते. शब्दाच्या जन्मातच हा सैलपणा होता, आणि आजच्या वादाचे मूळ तिथे आहे.

सरकारी व्याख्या

या गोंधळात एक दस्तऐवज सर्वांनी प्रमाण मानला. अमेरिकेच्या मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, सप्टेंबर २०११ मध्ये काढलेली क्लाउडची व्याख्या. मजकूर जेमतेम दोन पानांचा. तिने पाच लक्षणे सांगितली: माणसाला न विचारता हवी तेव्हा सेवा घेता येणे, ती नेटवर्कवरून कुठूनही मिळणे, साधनसामग्री अनेकांत मिळून वापरली जाणे, गरजेप्रमाणे ती झटकन वाढवता-घटवता येणे आणि वापर मोजला जाणे. त्यावर सेवेचे तीन थर आणि मांडणीचे चार प्रकार: पब्लिक, प्रायव्हेट, कम्युनिटी आणि हायब्रिड.

या व्याख्येतली सर्वांत महत्त्वाची ओळ बहुतेकांच्या नजरेतून निसटते. प्रायव्हेट क्लाउड हा संस्थेच्या स्वतःच्या जागेत असू शकतो किंवा बाहेरही, आणि त्याचा मालक किंवा चालक खुद्द ती संस्था असू शकते किंवा तिसरा कुणी, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे व्याख्येप्रमाणे क्लाउड आणि ऑन-प्रेम हे एकमेकांचे विरुद्धार्थी शब्द नाहीत. बाजारात मात्र ते तसेच वापरले जातात. पुढे ॲमेझॉनने 'आउटपोस्ट्स' आणि मायक्रोसॉफ्टने 'ॲझ्युर स्टॅक' या नावाने स्वतःची क्लाउड यंत्रणा गिऱ्हाइकाच्या इमारतीत बसवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा ही सीमारेषा व्यवहारातही पुसट झाली.

भारताने साधारण याच चौकटीत पावले टाकली. केंद्राने 'मेघराज' या नावाने सरकारी क्लाउडची दिशा २०१३ मध्ये ठरवली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला. महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये पब्लिक क्लाउड धोरण जाहीर करून खात्यांना खासगी पुरवठादारांच्या क्लाउडकडे वळायला सांगितले. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. सेबीने मार्च २०२३ मध्ये क्लाउड सेवांसाठी चौकट घालून दिली आणि रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याविषयीच्या निर्देशांत क्लाउडला स्वतंत्र परिशिष्ट दिले. दोघींचा रोख एकच: काम कुणाकडूनही करून घ्या, जबाबदारी तुमची.

कंपन्यांच्या हिशेबांचे नियम मात्र वेगळ्या वळणाने जातात. पुस्तकांची प्रत भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आधी ती ठराविक काळाने ठेवायची होती, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने रोजच्या रोज ठेवायची झाली. शब्द क्लाउडचा असो की आणखी कशाचा, कायद्याचे लक्ष यंत्र कोणत्या भूमीवर आहे याकडे आहे.

टेबलाखालचा सर्व्हर

व्याख्या बाजूला ठेवून एखाद्या ऑफिसात डोकावले तर चित्र आणखी गुंतते. पेठेतल्या बारा-पंधरा माणसांच्या एका कार्यालयात मी पाहिलेली व्यवस्था अशी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा गोल्ड परवाना, म्हणजे एकाच वेळी अनेकांनी वापरण्याचा. कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक साधा डेस्कटॉप, त्याच्यावर 'सर्व्हर – बंद करू नये' असे मार्करने लिहिलेला कागद चिकटवलेला, शेजारी यूपीएस. अशिलांच्या फायली त्याच्यावर एका फोल्डरात, तो फोल्डर बाकीच्या यंत्रांना खुला. रात्री त्याची प्रत आपोआप गूगल ड्राइव्हवर जाते. भागीदार घरून काम करतात तेव्हा एनीडेस्कने या यंत्रात शिरतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की यूपीएस किती तग धरतो, याच्यावर सकाळचे काम.

ही व्यवस्था कोणती? यंत्र त्यांच्या जागेत आहे, म्हणून ऑन-प्रेम. चालवतात तेच, म्हणून सेल्फ-होस्टेड. प्रत क्लाउडवर, आणि आत शिरायची वाट एका परदेशी कंपनीच्या मध्यस्थीने. त्याच गल्लीत दुसऱ्या एका कार्यालयाने 'टॅली ऑन क्लाउड' घेतले आहे. नाव भारदस्त, आत पाहिले तर डेटा सेंटरमधला एक विंडोज सर्व्हर, त्याच्यावर तीच टॅली, आणि रिमोट डेस्कटॉपने तिथवर पोचायचे. वापर मोजला जात नाही, माणसामागे महिन्याला ठरलेले पैसे. जागा वाढवायची तर फोन करून सांगावे लागते. निस्टची पाच लक्षणे लावली तर यातली दोन-तीन गळतात. तरी ते विकणाऱ्याला खोटारडा म्हणता येणार नाही, कारण गिऱ्हाइकाला 'क्लाउड' म्हणजे 'आपल्या ऑफिसात नाही ते' एवढेच अभिप्रेत असते आणि तेवढे त्याला मिळते.

पेठेत राहायला आलेल्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचे तर स्वतःचा वाडा, भाड्याची स्वतंत्र खोली आणि कॉट बेसिस हे तीन प्रकार त्याला चांगले कळतात. स्वतःच्या जागेतला सर्व्हर हा वाडा. डेटा सेंटरमधला पूर्ण भाड्याने घेतलेला सर्व्हर ही खोली. एकाच यंत्राचे तुकडे करून दिलेला व्हीपीएस ही कॉट: गादी तुमची, कुलपाची पेटी तुमची, खोली चौघांची. आणि तयार सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीने वापरणे म्हणजे मेसचा डबा. काय शिजवायचे ते मेसवाल्या काकू ठरवणार. कॉटवर राहणारा मुलगा 'मी माझा स्वतंत्र राहतो' असे घरी कळवतो. ते खरे की खोटे, इथेच पुढची मतमतांतरे सुरू होतात.

चार बाजू

पहिली बाजू कडव्यांची. यंत्र तुमच्या मालकीचे आणि तुमच्या छपराखाली असेल तरच ते सेल्फ-होस्टिंग. बाकी सारे भाडोत्री. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. ज्याच्या हाताशी वीज बंद करायचे बटण, त्याची सत्ता. भाड्याच्या सर्व्हरवर तुम्ही कितीही कुलपे लावा, यंत्राचा मालक तुमच्या खाली आहे. या बाजूची अडचण अशी की घरगुती ब्रॉडबँडवर आज हे निभवणे कठीण झाले आहे. पुष्कळ इंटरनेट सेवा कंपन्या एकच सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्ता अनेक घरांत वाटतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या घरच्या यंत्रापर्यंत थेट पोचताच येत नाही. स्थिर पत्ता जादा पैसे भरून घ्यावा लागतो, नाहीतर क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीचा बोगदा वापरावा लागतो. बोगदा घेतला की सत्ता पुन्हा वाटली गेली. ईमेलचा सर्व्हर घरी चालवणाऱ्याची गत आणखी बिकट. मोठ्या ईमेल कंपन्या घरगुती पत्त्यावरून आलेली पत्रे सरसकट नाकारतात.

दुसरी बाजू ताब्याला महत्त्व देणाऱ्यांची. यंत्र कुणाचेही असो. सॉफ्टवेअर मी निवडले, मी बसवले, मुख्य पासवर्ड माझ्याकडे, आणि उद्या सगळे उचलून दुसरीकडे नेता येते, तर ते सेल्फ-होस्टिंग. याचे चांगले उदाहरण मुंबईत आहे. फ्रापे या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त परवान्याखालचे सॉफ्टवेअर कारखाने, शाळा, दवाखाने वापरतात. तेच सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवता येते, भाड्याच्या सर्व्हरवर बसवता येते किंवा कंपनीच्याच 'फ्रापे क्लाउड'वर पैसे भरून वापरता येते. पहिल्या दोन्हींना तिथली मंडळी सेल्फ-होस्टेडच म्हणतात, आणि तिसऱ्यातून पहिल्यात डेटा घेऊन परत येता येते. या बाजूच्या दृष्टीने परतीची वाट हीच कसोटी. मला स्वतःला ही कसोटी सर्वांत उपयोगी वाटते, पण ती शब्दाच्या नेहमीच्या अर्थाला ताणते हेही खरे. 'नेक्स्टक्लाउड' नावाचे सॉफ्टवेअर लोक क्लाउडपासून सुटका म्हणून स्वतःच्या यंत्रावर बसवतात; नावातच क्लाउड असलेल्या वस्तूने क्लाउड टाळायचा, असा हा मामला.

तिसरी बाजू 'क्लाउड' हा शब्दच नाकारणाऱ्यांची. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१० मध्ये लिहून मांडले की हा शब्द इतका धूसर आहे की त्याने विचारच करता येत नाही. तुमचे काम तुमच्या ताब्याबाहेरच्या सॉफ्टवेअरने करून घेणे ही खरी अडचण असून तिला वेगळे नाव हवे. त्यांनी तसे नाव सुचवलेही. ते चळवळीबाहेर फारसे चालले नाही. त्यापेक्षा, क्लाउड असे काही नसते, असतात ते दुसऱ्याचे संगणक, या आशयाचे स्टिकर जास्त लोकप्रिय झाले. पुण्यातल्या लिनक्सप्रेमींच्या लॅपटॉपवरही ते दिसतात. याला विरोधकांचे उत्तर असे की दुसऱ्याचा संगणक आणि क्लाउड यांत फरक आहेच: हजार यंत्रे पाच मिनिटांत मिळणे आणि दहाव्या मिनिटाला परत करता येणे, हे नुसत्या दुसऱ्याच्या संगणकावर होत नाही.

चौथी बाजू हिशेबनिसांची. नाव काही द्या, खर्च आणि जोखीम सांगा. यांच्याकडे दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. ड्रॉपबॉक्सने आपला बहुतेक डेटा ॲमेझॉनवरून स्वतःच्या यंत्रांवर हलवला आणि दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास वाचवल्याचे २०१८ च्या कागदपत्रांत नोंदवले. ३७सिग्नल्स या कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचे जाहीर केले आणि त्याचा गाजावाजा झाला. पण या दोघींकडे स्वतःची तयार अभियंता मंडळी होती. बारा माणसांच्या ऑफिसात तो हिशेब लागू पडत नाही. तिथे महिन्याच्या वर्गणीपेक्षा सर्व्हर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाची वाट पाहणे महाग पडते.

जोखमीचे दाखलेही कुणा एकाच्या बाजूने नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणक यंत्रणेवर हल्ला करून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लुटले. बँकेची स्वतःची यंत्रणा असण्याने संरक्षण मिळाले नाही. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्ग इथल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा क्लाउडवर आहे म्हणजे प्रत आपोआप असणारच असे समजून बसलेल्या अनेकांचा डेटा गेला. सर्वांत बोलका दाखला दक्षिण कोरियाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागून 'जी-ड्राइव्ह' ही सरकारी कर्मचाऱ्यांची साठवणूक जळाली. ८५८ टेराबाइट. दुसरीकडे प्रत नव्हती, कारण एवढ्या मोठ्या साठ्याची प्रत ठेवणे झेपत नाही असे मानले गेले होते. तो सरकारी क्लाउड होता, सरकारच्याच इमारतीत होता आणि सरकारच चालवत होते. तिन्ही शब्द त्याला एकाच वेळी लागू होते, आणि तिन्हींपैकी एकही 'प्रत आहे का' या प्रश्नाचे उत्तर देत नव्हता.

हुकूम कुणाचा

गेल्या काही वर्षांत या वादात चौथा प्रश्न शिरला आहे: यंत्र कोणत्या देशाच्या कायद्याखाली? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा बहुतेकांनी हा प्रश्न ठिकाणाचा मानला. ठिकाण तर जवळ आलेच होते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात तीन ठिकाणी क्लाउड केंद्रे उघडली, त्यांतले 'सेंट्रल इंडिया' नावाचे पुण्यात आहे. म्हणजे सदाशिव पेठेतल्या एखाद्याचा 'क्लाउडवरचा' डेटा त्याच्याच शहरात असू शकतो, आणि स्वस्त म्हणून जर्मनीत भाड्याने घेतलेल्या त्याच्या 'स्वतःच्या' सर्व्हरवरचा डेटा सातासमुद्रापार.

पण जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा युरोपीय निर्बंधांमुळे अचानक थांबल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. ठिकाण भारत, गिऱ्हाईक भारतीय, तरी कळ बाहेरून फिरली. त्याआधी महिनाभर फ्रान्सच्या सिनेटपुढे मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले होते की फ्रेंच नागरिकांचा डेटा अमेरिकी सरकारच्या हाती कधीच जाणार नाही अशी हमी देता येत नाही. 'सॉव्हरिन क्लाउड', म्हणजे सार्वभौम क्लाउड, हा शब्द तेव्हापासून जाहिरातींत वाढला. त्यात नेमके काय यावे याबद्दल एकवाक्यता नाही. कुणी भारतीय जमीन पुरेशी मानतो, कुणी भारतीय मालकी मागतो, कुणी कुलपाच्या किल्ल्या भारतात हव्यात म्हणतो.

पुण्याला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडून घेतलेला क्रे संगणक दिल्लीत, आपल्याच जागेत बसला, पण तो हवामानाच्या कामापलीकडे वापरता येणार नाही अशा अटींवर. आणखी शक्तिशाली यंत्र मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. आपल्या छपराखालचे यंत्र आपल्या हुकमातले असतेच असे नाही, हे तेव्हाच दिसले होते.

मराठीत काय म्हणायचे

परिभाषेचा हा वाद मराठीत आला की त्याला आणखी एक पदर जोडला जातो. परिभाषा घडवण्याची पुण्याची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्र शब्दकोशाचे संपादक य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ मध्ये पुण्यातच निघाला. राज्य झाल्यावर ते काम भाषा संचालनालयाकडे आणि वाईच्या विश्वकोशाकडे गेले. संगणकाच्या पडद्यावरील, मराठीसह भारतीय भाषांतल्या शब्दांसाठी रेड हॅटच्या पुढाकाराने २००८ मध्ये 'फ्यूएल' हा प्रकल्प सुरू झाला, त्यात पुण्यातली मंडळी होती.

आज तीन प्रवाह दिसतात. संस्कृतावर घडवणारे 'मेघसंगणन' सुचवतात. केंद्राच्या 'मेघराज'मुळे त्या वळणाला बळ मिळाले. लिप्यंतर करणारे 'क्लाउड', 'ऑन-प्रेम', 'सेल्फ-होस्टेड' तसेच ठेवतात. ऑफिसात हेच चालते. तिसरा प्रवाह सांगून मोकळे होणाऱ्यांचा: 'सर्व्हर आपल्याकडेच आहे', 'होस्टिंग घेतलंय', 'त्यांच्या सर्व्हरवर आहे'. या प्रवाहाला कोशात जागा नाही, पण माहिती सर्वांत जास्त तोच देतो, कारण त्यात कुणाचा सर्व्हर ते सांगितल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. संस्कृतावर घडवलेल्या शब्दाची अडचण ही की तो मूळ इंग्रजी शब्दाचा धूसरपणा जसाच्या तसा मराठीत आणतो. लिप्यंतराचीही तीच, फक्त ते निदान लोकांच्या तोंडी आहे. न्यायव्यवहाराच्या मराठीत जागेसाठी 'परिवास्तू' हा शब्द आहे. 'परिवास्तूतील सर्व्हर' असे करारात लिहिता येईल, बोलेल मात्र कुणी नाही.

काय सुटलेले नाही

व्हीपीएसवरचे सॉफ्टवेअर सेल्फ-होस्टेड की नाही, यावर सहमती होण्याची चिन्हे नाहीत, आणि ती झाली नाही म्हणून फारसे बिघडतही नाही. बिघडते ते कायद्यात. कंपनी नियमांतला क्लाउड, सेबीच्या चौकटीतला क्लाउड आणि टॅली विकणाऱ्याचा क्लाउड हे एकच की वेगळे, हे आज ज्याचे त्याने ठरवायचे आहे. २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्यावर टाकली, तो कुणाकडूनही साठवून घेवो. त्यामुळे लहान दवाखाना किंवा शिकवणीसुद्धा या प्रश्नात ओढली गेली. सार्वभौम क्लाउडची कसोटी ठरायची आहे. आणि भाषा-प्रारूपे, म्हणजे एआयची मॉडेले, स्वतःच्या यंत्रावर चालवणाऱ्यांनी 'लोकल' हा आणखी एक शब्द आणला आहे. तोही वर्षा-दोन वर्षांत असाच सैल होईल, असा माझा अंदाज.

तोवर ज्यांना सही करायची आहे त्यांना एक विनंती. पुरवठादाराच्या करारात 'क्लाउड', 'ऑन-प्रेम' किंवा 'सेल्फ-होस्टेड' यांपैकी काहीही लिहिलेले असो, त्याच्याखाली पाच ओळी लेखी मागून घ्या: यंत्र कुणाच्या मालकीचे, ते कोणत्या गावात, मुख्य पासवर्ड कुणाकडे, दुसरी प्रत कुठे, आणि सेवा सोडायची ठरवली तर डेटा कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल.